चार महिने न पेटवलेली चूल

पहिलं सांगून टाकतो. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता... आजही हाय की नाय, ते मला नीट सांगता यायचं नाय. वरंधा घाटात रस्त्याच्या गँगवर मी अठ्ठावीस वर्षं काढली. ज्या वळणावर गाडीवाले नारळ फोडून, हात जोडून पुढे जातात, त्याच वळणावर मी दुपारची भाकरी खाऊन टॉवेल तोंडावर घेऊन झोपलोय. त्या फोडलेल्या नारळाचं खोबरंही खाल्लंय. मला काय झालं नाय. कुणी अंगात आलं म्हणून घुमायला लागलं की मी उठून घरी जायचो. आमची ही म्हणायची, "तुमच्याम्होरं देव उभा राहिला तरी तुम्ही त्याला सरक म्हणाल."

तर असा माणूस हे लिहितोय. चौथी शिकलोय. वहीत लिहिलं आणि लेकीने मोबाईलवर उतरवून असल्या अनुभवांच्या या ग्रुपवर टाकलं. तिला बजावलंय – शुद्धलेखन बघ, पण माझं बोलणं बदलू नको. तिचं मत माझ्याहून वेगळं हाय, ते पुढे येईल.

गाव कापडे, तालुका पोलादपूर. वाडीच्या टोकाला माझं कौलारू घर. पुढे पडवी, मग माजघर, मागे सैपाकघर आणि वर माळा. माणसं दोन होती, आता एक हाय.

आमची ही गेली भादव्यात, गौरी-गणपती उरकल्यावर. महाडला दवाखान्यात अकरा दिवस होती. त्या अकरा दिवसांत तिने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. आमची म्हातारी मांजर उन्हाळ्यात मेली होती. ही म्हणाली, "अनूच्या मांजरीला पिल्लं झाली की एक घरी आणा." अनू म्हणजे हिची धाकटी बहीण, वरंधला दिलेली. मी म्हणालो, "तू आधी घरी चल. मांजराचं मागनं बघू." तर म्हणते, "मी आले तरी आणा, नाय आले तरी आणा. नायतर तुम्ही नुसते भिंतीकडं बघत बसाल."

नाय आली.

आता चुलीचं सांगतो, कारण सगळं तिथंच घडलं. आमच्या सैपाकघरात हिने स्वतःच्या हाताने घातलेली चूल हाय. वारुळाची माती, भाताचं तूस, शेण... अर्ध्या वाडीच्या चुली हिनेच घातल्यात. पुढे मोठं तोंड आणि मागे वैल, म्हणजे दुसरं भांडं ठेवायचं भोक. त्या वैलावर पाण्याचा तांब्या कायम असायचा. मी घाटातून आलो की त्याच पाण्याने हातपाय धुवायचे. गॅस लेकीने घेऊन दिला होता, पण ही त्याच्यावर फक्त चहा करायची.

ही गेली तेव्हा रिवाजाप्रमाणे घरात चूल पेटली नाय. भावकीतून जेवण यायचं. तेराव्यानंतर अनू चूल पेटवायला बसली, तर मी तिच्या हातातली काडी काढून घेतली. म्हणालो, "हिच्या मागं हिच्या चुलीला कुणी हात लावायचा नाय. मी पण नाय." लोक म्हणाले, म्हातारा बिघडला. म्हणू दे. तेव्हापासून मी गॅसवर भात नि सुकटीचं कालवण करून खायचो. चूल तशीच राहिली. तिला तीन चिरा गेल्या, तोंडावर कोळ्याने जाळं धरलं. आतली राख दमट होऊन बसली.

लेक माझी सुमन, डोंबिवलीला असते. ती दर दोन दिवसांनी फोनवर तेच – "बाबा, कुलूप लावा आणि इकडे या." तिचं चुकत नव्हतं. दोनदा मी गॅसवर भात जाळला होता, एकदा पडवीत चक्कर येऊन पडलो होतो. पण मला जायचं नव्हतं. पौषात अनूचा फोन आला – "दाजी, आक्काने सांगितलेलं पिल्लू आता मोठं झालंय. नेताय का देऊन टाकू कुणाला?" त्याच दिवशी मी सुमनला फोन लावला.

"तुझ्या आईने मांजर आणायला सांगितलीय. ती आणतो. मला पंधरा दिवस दे."

"कसले पंधरा दिवस?"

"मांजरीने घर धरलं तर मी हितंच राहणार, पुन्हा विषय काढायचा नाय. नाय धरलं तर पंधराव्या दिवशी तू ये, मी पिशवी भरून बसलेला असेन."

"बाबा, मांजरावरून कोणी असं ठरवतं का?"

"मी ठरवतो."

ती म्हणाली, "ठीक आहे. पंधरा म्हणजे पंधरा." बापावर गेलीय.

गुरुवारी वरंधला गेलो, तो पहिला दिवस. मांजर घरी आणायची आमच्याकडे एक पद्धत हाय. तिला गोणपाटात घालून, तोंड बांधून आणायची, म्हणजे तिला वाट दिसत नाय. दिसली की ती परत जायला बघते. घरी आणल्यावर पहिली गोष्ट, गोणीसकट चुलीभोवती तीन वेळा फिरवायची आणि तिथंच सोडायची. मग ती घर धरते. अनूने तीनदा सांगितलं, "दाजी, वाटेत गोणी उघडायची नाय हां." मी हो म्हणालो.

महाडच्या स्टँडवर पोलादपूरची गाडी येईना. गोणीत मांजर आधी ओरडत होती, मग एकदम गप्प झाली. बाजूला एक बाई बसलेली. ती म्हणाली, "बाबा, गोणीत काय हाय?"

"नातेवाईक हाय."

"मेला वाटतं तुमचा नातेवाईक. आवाज बंद झाला."

मी गोणी मांडीवर ओढली. गाठ सोडून बघितलं. करडं तोंड बाहेर आलं, पिवळे डोळे. जिवंत होती. तिने उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, सगळा स्टँड बघितला आणि मग माझ्याकडे बघून फिस्कारली. पुन्हा गाठ मारली खरी, पण व्हायचं ते झालं होतं.

घरी आलो आणि दुसरी चूक केली. चुलीला हात लावायचा नाय हे माझं मीच बोललेलो. मग फिरवायची कशाभोवती? मी म्हणालो, आता घरात अन्न शिजतं ते गॅसवर, म्हणजे गॅस हीच चूल. शेगडी तर कट्ट्यावर, भिंतीला लागून. तिच्याभोवती फिरता येत नाय. म्हणून सिलिंडर ओढून मध्ये आणला आणि गोणी घेऊन त्याला तीन फेऱ्या मारल्या. मागच्या दारात जनीवयनी उभी होती, माझ्या चुलत भावाची बायको. पंच्याहत्तर वर्षांची हाय, पण तोंड पंचविशीतलं. ती बघतच राहिली.

"भावजी, लगीन लावताय काय टाकीशी?"

"मांजर घराला लावतोय."

"टाकी रिकामी झाली की गाडीवाला घेऊन जाईल. मांजरीने मंग टाकीमागनं जायाचं काय?"

मी गोणी खाली ठेवली. गोणी उघडली. मांजर बाहेर पडली ती सरळ शिडीने माळ्यावर. अगदी कोपऱ्यात, जुन्या पाट्या-सुपांच्या मागे. नुसते डोळे दिसायचे.

तीन दिवस ती खाली आली नाय. दूध ठेवलं, अंडं उकडून ठेवलं, सुकट तव्यावर भाजून ठेवली – वासाने मला भूक लागली, तिला नाय. अनूच्या घरचा वास म्हणून ते गोणपाटच तिच्याजवळ टाकलं, तर त्याच्यात शिरून बसली, बस् तेवढंच. पाणी काय ते प्यायची. मी दिवसातून चार वेळा शिडी चढायचो, तिथंच बसून तिच्याशी बोलायचो. काय बोलणार? "बये, खा. माझी इज्जत पणाला लागलीय." तिला नाव ठेवलं नव्हतं, अजून नाय. बये म्हणतो.

अनूला फोन केला. तिने पहिलंच विचारलं, "वाटेत उघडलीत ना?"

"महाडला. मेली वाटली."

"झालं! आनि चुलीभवती फिरवली?"

"गॅसभवती."

"गॅसभवती?" ती एवढी हसली की फोन तिच्या हातून पडला. मग उचलून म्हणाली, "दाजी, एक सांगू? चूल पेटवा. आक्का असती तर तिने तुम्हाला चांगलं सुनावलं असतं."

वयनीचंही तेच. "थंडी केवढी पडलीय. मांजरीला ऊब लागते. अख्ख्या वाडीत तुमच्याच कौलांतनं धूर नाय. तिला वाटलं असेल, हितं माणूस राहत नाय." मी म्हणालो, "मी नाय पेटवणार." म्हणाली, "नका पेटवू. बोचकं बांधा नि जावा डोंबिवलीला."

मला राग आला. पण बाईचं खरं होतं. असंच चाललं तर मांजर उपाशी मरणार नायतर मला ती परत द्यावी लागणार. दोन्हीत मी घर सोडणार. हिने मागितलेली एक गोष्ट, तीही मला जमली नाय असं होणार. मी ठरवलं, सोडायचं नाय. पोलादपूरला जाऊन ताजे बोंबील आणायचे.

तो सोमवार, पाचवा दिवस. सकाळी मागच्या दाराला आतून कडी घातली, पुढच्याला बाहेरून कुलूप, चावी कमरेला. पोलादपूरहून परत आलो तेव्हा दुपारचे साडेबारा झाले असतील. ऊन चांगलं होतं. कुलूप काढलं, सैपाकघरात आलो... तर मांजर चुलीत.

चुलीच्या तोंडात, राखेवर, अंग टाकून झोपलेली. तोंडावरचं कोळ्याचं जाळं तुटलेलं. पोट वर-खाली होत होतं. मला आधी आनंदच झाला. खाली आली ना! हळूच बसलो आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. मग हात सरकून राखेला लागला.

राख गरम होती.

कोमट नाय. भाकऱ्या झाल्यावर, लाकडं ओढून घेतल्यावर तासाभराने चूल जशी असते, तशी गरम. मी हात काढला आणि पुन्हा ठेवला. मग मातीवर ठेवला. मग वैलावर. वैल तर जास्तच गरम.

आता कुणी म्हणेल, म्हाताऱ्याच्या हाताला काय कळतं. सांगतो. गँगवर डांबर तापलं की नाय बघायला साहेबाकडे थर्मामीटर असायचा. तो फुटला की मला बोलवायचे. पिंपापासून वीतभर लांब हात धरून मी सांगायचो – अजून पाच मिनिटं, किंवा ओता. अठ्ठावीस वर्षांत डांबर कच्चं ओतलं गेलं नाय. माझा हात गरमीला चुकत नाय.

निखारा शोधला. काडीने सगळी राख उकरली. एक ठिणगी नाय. धुराचा वास नाय. राख दमट गोळा झालेली होती, ती मात्र सुकून भुसभुशीत झाली होती. कोपऱ्यातली लाकडं बघितली – त्यांच्यावर भादव्यापासूनचं कोळ्याचं जाळं जसंच्या तसं. एक काटकीही कुणी ओढलेली नव्हती.

माझ्या डोक्यात एकच आलं, वयनी. मागच्या दाराची कडी तिला बाहेरून उघडता येते, असं मला वाटलं. तडक तिच्या अंगणात गेलो.

"वयनी, तू माझ्या चुलीला हात लावलास?"

ती धान्य पाखडत होती. सूप खाली ठेवलं. "मला काय दुसरे धंदे नायत? माझी एक पेटवता पेटवता कंबार मोडते."

"मग गरम कशी?"

"काय गरम?"

"चूल."

तिला वाटलं मला ताप हाय. आधी तिने माझ्याच कपाळाला हात लावला. मग आली बरोबर. सैपाकघरात येऊन, मांजरीला बाजूला करून चुलीत हात घातला. आणि तिचं तोंड बंद झालं. वयनीचं तोंड बंद झालेलं मी चाळीस वर्षांत बघितलं नव्हतं. बऱ्याच वेळाने पदराला हात पुसत म्हणाली, "तापलीय, भावजी. चांगली तापलीय." मग जायला लागली, दारात थांबून म्हणाली, "मी पेटवली नाय. माझ्या पोरांची शपथ."

मी घाबरलो नाय. खरंच नाय. मला चीड आली होती, की हे काय हाय ते मला कळलं पायजे. मंगळवारपासून मी तपासायला लागलो.

पहिलं – उन्हाने तापली असेल. पण सैपाकघरात ऊन येतच नाय. चूल अंधाऱ्या बाजूला हाय, भिंतीपासून दीड हात सुटी. मागच्या भिंतीला बाहेरून हात लावला, गार. जवळपास कुणी पालापाचोळा जाळला होता का, तेही बघितलं. नाय. वायर? त्या भिंतीत वायरच नाय.

दुसरं – मांजरीच्या अंगाची ऊब. हे मलाही पटण्यासारखं वाटलं. म्हणून मांजरीला उचलून माजघरात घेतलं, मधलं दार लावलं आणि तिच्यासमोर बसलो. त्याआधी एकाच हंड्यातून दोन तांबे पाणी भरलं. एक वैलावर ठेवला, एक कट्ट्यावर. तासाभराने दार उघडलं. कट्ट्यावरचं पाणी पौषातलं पाणी असतं तसं, बोटं बधिर करणारं. वैलावरच्या पाण्यातून वाफ नव्हती, पण हात घातला की सुखाने आत राहावा एवढं तापलेलं.

बुधवारी तेच केलं. गुरुवारी पुन्हा. तिन्ही दिवस तेच.

तिसऱ्या दिवशी त्या पाण्याने मी पाय धुतले. मागल्या दारात दगडावर बसून. पाणी संपेपर्यंत धुतले. मग आत जाऊन चुलीपुढे बसलो आणि मोठ्याने विचारलं, "तू हायस का?"

काही झालं नाय. भांडं वाजलं नाय, वारा आला नाय. इथं लोक लिहितात तसं काय झालं असतं तर मी लिहिलं असतं. चूल गरम होती आणि घर गप्प होतं. मी बराच वेळ बसलो. मग उठून भात लावला, गॅसवर.

मांजर मात्र बदलली. मंगळवारी तिने बोंबील खाल्ले, चुलीत बसूनच. गुरुवारी माझ्या मागे पडवीत आली. शनिवारी तिने एवढा मोठा उंदीर पकडून आणला आणि माझ्या चपलेजवळ ठेवला. सोमवारी ती मागल्या दाराने बाहेर गेली, माझा जीव टांगणीला, आणि तासाभराने आपली आपण परत येऊन चुलीत शिरली. मी सुमनला फोन करून सांगितलं, "घर धरलंन. तू उगाच रजा टाकू नको."

"बाबा, अजून दिवस बाकी आहेत."

चुलीचं मी तिला बोललो नव्हतो. ती लगेच डॉक्टरकडे नेईल, हे माहीत होतं.

आणि चौदाव्या दिवशी, बुधवारी सकाळी, चूल गार.

मांजरीलाच आधी कळलं. मी दात घासत होतो. ती चुलीत शिरली आणि लगेच बाहेर आली. पुन्हा शिरली, हुंगलं, बाहेर आली. चुलीला एक फेरी मारली, दुसरी मारली आणि अशी ओरडली... मांजर तसं एरवी ओरडत नाय. मी हात लावला. दगड असतो तशी थंड. वैल थंड, राख थंड. मी उठेपर्यंत मांजर मागल्या दाराने गेली होती.

दुपारपर्यंत आली नाय. मी शेताकडे गेलो, भाताच्या पेंढ्याची उडवी चारी बाजूंनी उचकून बघितली, वहाळाच्या कडेने हाका मारल्या. बये, बये. लोक बघत होते. बघू दे. वयनी काठी टेकत मागे मागे. शेवटी एका बांधावर टेकली नि म्हणाली, "भावजी, उद्या सुमी येणार. आता तरी चूल पेटवा."

मी घरी येऊन चुलीपुढे बसलो. चुलीला हात लावायचा नाय हे मी बोललो होतो. मांजर आणा हे ती बोलली होती. दोन्हीतला एकच शब्द राहणार होता. मी म्हणालो, तिचा राहू दे.

पण चिरा पडलेली चूल तशीच पेटवत नायत. आधी लिंपावी लागते. कुदळ घेऊन वारुळाची माती आणली. वयनीने शेण दिलं, तूस दिलं आणि पायरीवर बसून शिव्या दिल्या.

"अहो, एवढं पाणी? चूल घालताय का वरण करताय?"

"तूच कर मग."

"मी हात लावणार नाय. तुमचीच शपथ हाय ना? तुम्हीच मोडा. अंगठ्याने दाबा चिरेत... अंगठ्याने! रस्त्याचा खड्डा हाय का तो, पायाने दाबायला?"

तीन चिरा भरायला मला संध्याकाळ झाली. हिचा हात कसा फिरायचा ते मी रोज बघायचो, पण बघण्याचा काय उपयोग झाला नाय. तिची चूल गुळगुळीत असायची, माझी झाली ती खरबरीत, बोटांचे ठसे दिसतात. तरी पक्की झाली.

गुरुवारी सकाळी लाकडांवरचं जाळं काढलं आणि पेटवली. ओली माती, सादळलेली लाकडं, एवढा धूर झाला की मला काही दिसेना. फुंकणीने फुंकून फुंकून डोळ्यांतून पाणी. अकरा वाजता सुमन आली ती त्या धुरात.

"बाबा! आग लागली काय?"

"चूल पेटवलीय."

ती पिशवी खाली टाकून उभी राहिली. ही चूल तिला माहीत होती, माझं बोलणंही माहीत होतं. मग म्हणाली, "मांजर कुठेय?"

"बाहेर गेलीय."

"कधी?"

खोटं बोलता आलं असतं. "काल सकाळी."

ती माझ्याजवळ येऊन बसली. आवाज चढवला नाय तिने, ते मला जास्त लागलं. "बाबा, तुम्हीच म्हणाला होता. पंधराव्या दिवशी."

"दिवस अजून मावळला नाय."

मग मी तिला सगळं सांगितलं. गरम चूल, दोन तांबे, कोळ्याचं जाळं, सगळं. ऐकून तिने वयनीला हाक मारली. वयनी म्हणाली, "हाय तसं हाय. मी हात लावलाय." सुमन उठली, चुलीला हात लावायला गेली आणि मध्येच थांबली. जाळ धडधडत होता. आता गरम असणारच! मीच माझा पुरावा जाळून टाकला होता. ती थोडंसं हसली. मलाही हसू आलं, काय करणार.

जेवणं झाली. त्या चुलीवरच्या भाकऱ्या, वयनीने थापलेल्या, मी भाजलेल्या, दोन करपलेल्या. सुमनने माझे कपडे काढून खाटेवर ठेवले. पिशवीत भरले नायत, नुसते ठेवले. मी चुलीपुढून उठलो नाय. एक लाकूड संपलं की दुसरं सरकवायचो. दोन वाजले, तीन वाजले. मी ठरवलं होतं, दिवस मावळेपर्यंत जाळ पडू द्यायचा नाय. मग काय ते होईल.

चार वाजून गेले असतील. सुमन चहा ठेवत होती. मागल्या दारात सावली हलली. बये. अंगाला गवताची कुसळं, एक कान ओरबाडलेला. तिने सुमनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, कुणाचंच काही ऐकायचं नाय अशी सरळ आत आली आणि वैलाच्या मागे, जिथं माती ऊबदार असते पण चटका बसत नाय, तिथं अंग दुमडून बसली. मग पाय चाटायला लागली.

सुमनने चहा गाळला. मला कप दिला. मग खाटेवरचे कपडे उचलून परत खुंटीवर टांगले. जाताना शनिवारी एवढंच म्हणाली, "रोज सकाळ-संध्याकाळ फोन करायचा. नाही केला तर मी जनीकाकूला पाठवीन." मी म्हणालो, "तिला पाठवू नको, बाकी कबूल."

हे झालं त्याला आता अडीच महिने झाले. मांजर हाय. मी हाय.

सुमनचं म्हणणं असं – दुःखात माणसाला असं जाणवतं, आणि वयनीला माझ्यामुळे तसं वाटलं. हे तिने टाइप करताना स्वतः घातलंय, मी राहू दिलंय. पण दोन तांब्यांतल्या पाण्याला कसलं दुःख? वयनीचं म्हणणं – हिनेच मांजरीसाठी चूल तापवली आणि मी हलत नाय म्हटल्यावर बंद केली. तेही मला पटत नाय. ही असती तर माझ्याशी एक शब्द तरी बोलली असती. चाळीस वर्षांचा संसार, आणि येऊन मांजरीला ऊब देऊन जायची?

माझ्याकडे तिसरं काही नाय. कुणाला कारण माहीत असेल तर जरूर लिहा. फक्त ऊन होतं नायतर मांजरीची ऊब होती असं लिहू नका, ते बघून झालंय.

आता चूल मीच पेटवतो, मीच लिंपतो, हात थोडा सुधारलाय. सकाळी लाकडं घालायच्या आधी मी वैलावर हात ठेवून बघतो. रोज बघतो. थंडच असते. मग काडी ओढतो.